मोर्व्याच्या मिनलची पाठ

वासंतीबाईंचा शब्द भाईंदर पश्चिमेत चालत असे. तशा त्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई. पण पोराचा गुडघा सुजला, पोरीला धावताना दम लागला, कुणाचं जेवण तुटलं, की आया आधी बाईंना गाठायच्या आणि मग डॉक्टरकडे जायच्या. राई-मुर्धा या जवळच्या गावांतल्या आगरी घरांत बाई बेधडक स्वयंपाकघरापर्यंत जात आणि स्टेशनजवळच्या सोसायट्यांतले सूटबूटवाले वडीलही त्यांच्यापुढे जरा दबून बोलत. शाळेत पंचवीस वर्षं काढल्यावर ही पत मिळते, आणि ती आपण मिळवली आहे हे बाईंना ठाऊक होतं.

म्हणूनच पराग आधी मुख्याध्यापकांकडे न जाता त्यांच्या घरी आला.

पराग त्यांचा जुना विद्यार्थी. लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता. मैदानावर तो दोन फेऱ्यांत बसकण मारायचा. बाईंनी त्याला कधी रागावून पळवलं नाही, उलट बाजूला बसवून गुण मोजायला लावलं. तो इतकं चोख मोजायचा की दोन्ही संघ गुणांवरून भांडत नसत. पुढे तो डॉक्टर झाला, परदेशात जाऊन हाडांच्या तपासणीचं काहीतरी शिकून आला आणि दोन हजार सातच्या दिवाळीत मीरा रोडच्या एका खाजगी हॉस्पिटलात रुजू झाला. दारात वाकून पाया पडला तेव्हा बाईंना भरून आलं. आत्माराम, म्हणजे बाईंचे यजमान, कौतुकाने म्हणाले, "बघ, तुझा स्कोअरर केवढा झाला!"

चहा पिता पिता परागने काम सांगितलं. वाढत्या वयात काही मुलांचा पाठीचा कणा एका बाजूला वाकत जातो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. लवकर कळलं तर पट्टा, म्हणजे ब्रेस घालून वाक थोपवता येतो. उशीर झाला तर ऑपरेशन.

"मग एक्स-रे काढायचा ना," बाई म्हणाल्या.

"तिथेच तर गोची आहे, बाई. वाढ संपेपर्यंत दर काही महिन्यांनी बघावं लागतं. तेवढे एक्स-रे काढले तर किरणं अंगात जातात, मुलींना तर जास्तच वाईट. मी सोनोग्राफीने बघतो. त्यात किरणंच नाहीत. पाठीला जेल लावायचं, वरून खाली प्रोब फिरवायचा, झालं. बाहेरच्या देशांतही हे अजून नवीन आहे. आपल्या भाईंदरच्या मुलांवर पहिल्यांदा होईल."

"आणि कुणाची पाठ वाकडी निघाली तर?"

"तर पहिल्यांदा तुम्हाला सांगणार. तुम्हाला नाही तर कुणाला?"

बाईंना आणखी काय हवं होतं?

पालकांच्या सभेत मात्र सोनोग्राफी हा शब्द ऐकताच आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. मोर्वा गावची अनसूया मागच्या बाकावरून उभीच राहिली. तिचा नवरा विठू मिठागरावर काम करी आणि ती स्वतः सकाळी मच्छी विकून मग घरचं बघे. तोंडाची फटकळ आणि मनाची साफ.

"बाई, सोनोग्राफी पोटुशी बाईची करतान. माजी मिनल सहावीन हाय!"

सगळी सभा हसली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "ज्या मशीनने पोटातलं बाळ बघतात, त्याच मशीनने पाठ बघायची, अनसूयाबाई. जे बाळाला बाधत नाही ते मिनलला काय बाधणार? आणि मी स्वतः मुलींबरोबर आत उभी राहणार आहे."

"तुमी हाव ना आत? मंग न्या."

अनसूयाने मान हलवली तशा बाकीच्यांनीही हलवल्या.

मशीन हॉस्पिटलबाहेर आणायला गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याने मनाई होती, म्हणून मुलांनाच शाळेच्या बसने मीरा रोडला नेलं. मुलींच्या वेळी बाई पडद्याच्या आत उभ्या असत. पोरगी पाठमोरी उभी राही, पराग थंड जेल लावून प्रोब मानेपासून कमरेपर्यंत ओढत नेई आणि संगणकावर मणक्यांची माळ उमटत जाई. बाईंना त्यातलं काही कळत नसे. करड्या धुक्यात पांढरे ठिपके, एवढंच. झालं की बाई टॉवेलने पोरीची पाठ पुसून देत.

शेवटी मिनलचा नंबर आला तेव्हा ती गुदगुल्यांनी खिदळत होती. परागने एकदा प्रोब फिरवला, थांबला, पुन्हा एकदा फिरवला.

"डॉक्टर, माझं काय?" मिनलने मान वळवून विचारलं.

"तुझं? एकदम सरळ!" पराग म्हणाला. मग बाईंकडे बघून, "सगळी मुलं छान आहेत, बाई. तुमच्या कवायतीचा गुण आहे हा."

बाईंनी मिनलची पाठ पुसली, फ्रॉकची मागची बटणं लावली. त्या संध्याकाळी त्यांनी आयांना सांगितलं, सगळं ठीक आहे.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर परागने सहा मुलांना पुन्हा बोलावलं. "काळजीचं काही नाही. मशीन दोन्ही वेळा सारखंच मोजतंय का, एवढंच बघायचंय," तो म्हणाला. त्यात मिनल होती, नया नगरची हीना परकार होती, मीरा रोडचा साईराज होता, आणि आणखी तिघं. बाई पुन्हा बसमधून गेल्या, पुन्हा पडद्याआड उभ्या राहिल्या. मिनल मधल्या काही महिन्यांत ताडमाड वाढली होती आणि आता लाजत होती. पुन्हा तेच उत्तर मिळालं, एकदम सरळ.

प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीची तयारी चालू होती तेव्हा बाईंना पहिल्यांदा खटकलं. मुली ओळीने पुढे वाकून पायाचे अंगठे धरत होत्या. बाई मागून चालत होत्या. सगळ्या पाठी सपाट, एक पाठ मात्र उजव्या अंगाला उंच, जणू शर्टाखाली कुणी वाटी पालथी घातली होती. ती मिनल होती.

बाईंनी दुपारीच परागला फोन लावला.

"दप्तराचं ओझं, बाई. एकाच खांद्यावर घेत असेल. आजकाल सगळ्यांचं तेच आहे."

"पण बरगड्याच वर आल्यासारख्या दिसतात रे."

"बाई, मशीनने दोनदा बघितलंय ना? मी आहे ना?"

तो आहे म्हटल्यावर बाई गप्प बसल्या. मिनलला त्यांनी दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायला सांगितलं आणि मुलींच्या रांगा पुन्हा लावल्या.

त्याच सुमारास अनसूयाच्या भावाचं लग्न ठरलं. मिनलला पहिल्यांदाच चोळी शिवायची होती. माप घेताना शिंपीण दोनदा टेप लावून गोंधळली. एका बाजूचं माप दुसरीकडे बसेना. तिने मिनलला पाठमोरी केली आणि अनसूयाला हाक मारली. अनसूयाने बघितलं आणि त्या दिवशी मच्छीचं टोपलं घरातच राहिलं. विठूने ओळखीतून परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा पत्ता काढला. तिथे एक्स-रे निघाला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत अनसूया शाळेत आली. पोरं डबे उघडत होती. ती व्हरांड्यात बाईंसमोर उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता, आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"बावन्न सांगला बाई. बावन्न डिग्री. आता पट्टा चालाचा न्हाय, आप्रेशन करा लागल. पाठीन सल्या टाकतील."

बाईंनी हातातली शिट्टी कठड्यावर ठेवली.

"त्या डाक्तरनी इचारला, आधी कोनी बघला व्हता का? मी सांगला, व्हय, सालेतून सोनोग्राफी केलीया दोन येला. तो म्हनाला, मंग त्यात दिसलाच असल. दिसल्याबिगर रावनार न्हाय." अनसूयाने पदर तोंडाशी धरला आणि सोडला. "बाई, तुमी आत व्हतेव. तुमी सांगलेव, सगला ठीक हाय."

"मला त्याने तसंच सांगितलं, अनसूयाबाई. देवाशपथ."

"मला तुमी सांगलेव," अनसूया म्हणाली आणि निघून गेली.

बाई उरलेले तास सोडून रिक्षाने मीरा रोडला गेल्या. वाटेत त्या मनाशी परागची बाजू घेत होत्या. नवीन मशीन आहे, चुकलं असेल. माणूस चुकतो. चूक असेल तर तो कबूल करेल, हादरेल, मिनलसाठी धावपळ करेल. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यांनी त्याला जवळजवळ माफ केलं होतं.

पराग खोलीत एकटाच होता. बावन्न हा आकडा ऐकून त्याने डोळे मिटून घेतले.

"इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

बाईंना आधी वाक्याचा अर्थच लागला नाही. मग लागला.

"वाढेल? म्हणजे आधी होतं?"

त्याने टेबलावरची फाइल बंद केली.

"पराग, पहिल्यांदा किती होतं?"

"सव्वीस."

"आणि दुसऱ्यांदा?"

"पस्तीस." त्याने घाईघाईने पुढे सुरुवात केली. "बाई, ऐका. प्रत्येकाचा वाक वाढत नाही. बऱ्याच मुलांचा आहे तिथेच थांबतो. मिनलचाही थांबेल असं मला खरंच वाटलं होतं."

"पहिल्यांदा वाटलं असेल. दुसऱ्यांदा तर तुला डोळ्यांनी दिसलं."

"तुम्हाला कसं समजावू? एक्स-रेशिवाय, किरणांशिवाय वाक वाढतोय हे या मशीनला पकडता येतं, हेच तर मला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी वाढणारा वाक लागतो. ब्रेस लावला असता तर तो थांबला असता. मग मी काय दाखवणार होतो? पुढच्या महिन्यात दिल्लीला परिषद आहे. उद्या देशभरातल्या हजारो मुलांना याचा फायदा होईल, बाई. हजारो. मी काही वाईट केलं नाही. मी फक्त थांबलो."

"तू थांबलास," बाई म्हणाल्या. "ती वाढत होती."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं. बाईंना आठवलं, त्यांनी स्वतःच्या हाताने ती पाठ पुसली होती. दोनदा. पाठ हाताखाली होती आणि सत्य हातभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो हसून त्यांच्या कवायतीचं कौतुक करत होता.

"सहा जणांना बोलावलं होतंस. सहाही जणांची पाठ अशीच आहे?"

"नाही. तिघांचीच." तो खाली बघत म्हणाला. "बाकीची तिघं सरळ आहेत."

"मग त्यांना कशाला बोलावलंस?"

विचारता विचारताच बाईंना उत्तर सापडलं. सरळ पाठीची पोरं त्याने मुद्दाम मिसळली होती, कुणाला संशय येऊ नये म्हणून. कुणाला म्हणजे त्यांनाच. इतका विचार त्याने आपल्याला फसवण्यासाठी केला, हे त्या बावन्न डिग्रीइतकंच त्यांना लागलं.

"दुसरे दोघं कोण?"

"नावं गोपनीय असतात, बाई."

"नाही सांगितलंस तर मी उरलेल्या पाचही घरी जाईन आणि प्रत्येक आईला रडवीन. सांग."

"हीना आणि साईराज. पण त्यांचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. बाई, माझी परिषद होऊ दे. मग मी स्वतः त्यांना बोलावतो, ब्रेस देतो, सगळं करतो. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता."

"तेच म्हणत होते मी रिक्षात बसून," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

तिथून त्या थेट साईराजच्या घरी गेल्या. त्याचे वडील गुणवंत नुकतेच बँकेतून आले होते. त्यांनी बाईंना सोफ्यावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांचा चेहरा आवळत गेला.

"मॅडम, तेव्हा तुम्हीच सांगितलंत सगळं ठीक आहे. आज म्हणताय पाठ वाकडी आहे. उद्या आणखी कोणी डॉक्टर येईल, तुम्ही आणखी काही म्हणाल."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखवा. अजून वेळ आहे."

"आमच्या मुलाचं काय करायचं ते आम्ही बघू," गुणवंत म्हणाले आणि त्यांनी दार उघडून धरलं.

नया नगरात हीनाची आई रुक्साना भाकऱ्या थापत होती. रत्नागिरीकडचं माणूस, बाईंशी ती मराठीत बोले आणि घाबरली की हिंदीत जाई. तिने पिठाच्या हातानेच हीनाला पाठमोरी वाकवलं. उंचवटा मिनलपेक्षा कमी होता, पण होता. एकदा कुठे बघायचं ते कळल्यावर न दिसणं शक्य नव्हतं.

"आता एक्स-रे काढावा लागेल?"

"हो. एकदा तरी काढायलाच हवा."

"पण तो नको म्हणून तर तुम्ही तिकडे नेलं होतं ना, बाई?" तिचा स्वर तक्रारीचा नव्हता, गोंधळलेला होता. मग तिचे डोळे भरले. "या अल्ला, साल से ऊपर हो गया. किसी ने बताया नहीं."

बाईंनी हीनाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तो हात ठेवायचा आपल्याला हक्क आहे की नाही, तेच त्यांना कळेना.

बाईंनी हॉस्पिटलकडे लेखी तक्रार केली. परागची दिल्लीची वारी रद्द झाली. हॉस्पिटलने तीन जणांची चौकशी समिती बसवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत परळला मिनलचं ऑपरेशन झालं. बाई दोनदा भेटायला गेल्या. अनसूयाने त्यांना अडवलं नाही, बसाही म्हटलं नाही. मिनल उताणी पडून होती, ओठ सुकलेले, तरी बाईंना बघून हसली.

"बाई, मी दोन बोटं उंच झाले. डॉक्टर म्हणाले."

"हो का गं?"

"बाई," तिने आवाज खाली आणला, "तुम्हाला पण त्यांनी एकदम सरळ असंच सांगितलं होतं ना? मी आईला तेच सांगते. ती ऐकत नाही."

बाईंनी तिची चादर सारखी केली. खिडकीपाशी अनसूया पाठमोरी उभी होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मुख्याध्यापक दत्ताराम सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. समितीपुढे परागने काय सांगितलं हे त्यांना हॉस्पिटलमधून कळलं होतं.

"तो म्हणतो, दोन्ही वेळा वासंतीबाईंना तोंडी कल्पना दिली होती. पालकांना सांगायची जबाबदारी शाळेची होती, म्हणजे तुमची."

दत्ताराम सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, मला विचारावंच लागतंय. तुम्हाला काही बोलला होता का तो? ओझरतं काही?"

"एक शब्दही नाही," बाई म्हणाल्या. दत्ताराम सर वीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होते, आणि आज तेही विचारत होते. मिनलचं सत्य लपवताना परागने निदान स्वतःच्या कामाचं कारण दिलं होतं, हजारो मुलांचं नाव घेतलं होतं. आता मात्र त्याने सरळ त्यांना पुढे ढकलून स्वतः मागे उभं राहायचं ठरवलं होतं. घरी आल्यावर त्यांनी आत्मारामना सांगितलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "त्याला माहीत आहे की तू त्याच्यावर जीव टाकतेस. त्याला वाटलं असेल, तू सोसशील."

समितीसमोर बाई आणि पराग टेबलाच्या दोन टोकांना बसले. मध्ये तीन डॉक्टर. भिंतीलगत खुर्च्यांवर अनसूया आणि विठू, रुक्साना आणि तिचा भाऊ. गुणवंत आले नव्हते. पराग अगदी शांत, आदबीने बोलला. ते सगळ्यात वाईट होतं.

"बाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या मुद्दाम खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मुलांचा गोंधळ होता. मी सांगितलं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. वयही झालंय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर चुकवली नाही. खाली तरी बघेल, एवढी शेवटची आशा त्यांनी धरली होती.

"मला सांगितलं असतं तर मी विसरले नसते," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज फुटला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. खोटं बोलणारा ठाम होता आणि खरं बोलणाऱ्याचा आवाज कापत होता.

समितीतल्या वडीलधाऱ्या डॉक्टरांनी पालकांना विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? अनसूया उठली. बाईंनी मान खाली घातली. आता ही जे बोलेल ते आपण ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मी सांगतंय," अनसूया म्हणाली. "माजा या बाईंवर राग हाय. मरंपरेंत रावल. पन त्यांना म्हाईत असता ना, त्या त्याच दिसाला माज्या घरान आल्या असत्या. मिनलला ताप आयला तरी ही बाई मोर्व्याला यते, चिखलातून चालत. अशी बाई पाठ वाकरी हाय म्हाईत असून गप बसल? न्हाय." तिने परागकडे बोट केलं. "याला म्हाईत व्हता. माज्या पोरीनी इचारला, माजा काय? यो बोलला एकदम सरल. पोरीला सांगला, सायेब. बाईंला न्हाय, पोरीला! पोरीला पन इसरायचा रोग हाय का?"

परागचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

"बाईंनी याच्यावर इस्वास ठेवला, आमी बाईंवर ठेवला," अनसूया म्हणाली. "फसलो समदेच. पन सल्या माज्याच पोरीच्या पाठीन हायत."

ती बसली. विठूने तिच्या हातावर हात ठेवला.

समितीचा निकाल आला तो असा, की पालकांशी संपर्क साधण्यात दोन्ही बाजूंकडून त्रुटी राहिल्या, प्रकल्प थांबवण्यात येत आहे, आणि डॉक्टरांना ताकीद देण्यात आली आहे. दोन्ही बाजूंकडून. दत्ताराम सरांनी तो वाचून दाखवला, चष्मा पुसला, आणि यापुढे आरोग्य तपासणीचं काम दुसऱ्या शिक्षकांकडे दिल्याचं हळू आवाजात सांगितलं. संस्थेचाच तसा आग्रह आहे, म्हणाले. बाई बरं म्हणाल्या.

पावसाळा सरता सरता पराग दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात जाणार असल्याचं कळलं. जायच्या आधी तो बाईंच्या घरी आला. आत्मारामनी दार उघडलं आणि काही न बोलता आत निघून गेले.

"बाई, निघतोय," पराग म्हणाला. "तिथे जे सांगितलं ते सांगायला नको होतं. माझं सगळं करिअर संपलं असतं. मला वाटलं, तुम्ही समजून घ्याल."

"समजलंय मला," बाई म्हणाल्या.

तो पाया पडायला वाकला. बाईंनी दोन्ही पाय मागे घेतले. तो तसाच क्षणभर वाकलेला राहिला आणि मग उठला.

"मशीन चांगलं आहे, बाई. खरंच. ते चुकलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतं."

"म्हणूनच तर रे," बाई म्हणाल्या. "मशीन चुकलं असतं तर मी तुला जेवायला थांबवलं असतं."

तो गेल्यावर त्या बराच वेळ बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. रडू आलं नाही. दम लागलेल्या त्या लहान पोराला बाजूला सावलीत बसवलं होतं, हे आठवून मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि चांगल्या कामाची लाज वाटावी याचं दुःख त्याहून मोठं होतं.

हीनाला ब्रेस लागला. ती तो कमीजखाली घालून शाळेत येई आणि उकाड्याने हैराण होई, पण तिचा वाक थांबला. गुणवंत पुढे एकदाही बाईंशी बोलले नाहीत. पण एक दिवस ओळीत उभ्या साईराजच्या शर्टाखाली प्लास्टिकची कड दिसली आणि बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मिनल आठवीत परत आली. तिला उड्या मारायला मनाई होती. खेळाच्या तासाला ती बाकावर बसे आणि मैत्रिणींना ओरडून ओरडून सल्ले देई.

पुढच्या जूनमध्ये अनसूया धाकट्या अनुष्काला पाचवीत घालायला शाळेत आली. प्रवेशाचं काम आटोपून ती मैदानाच्या कडेला बाईंपाशी येऊन थांबली. वर्षभरात पहिल्यांदाच आपण होऊन.

"हिला तुमच्याच सालेन टाकलीया."

"हो, बघितलं मी नाव."

"खेलू दे तिला. धावू दे." अनसूया पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि बाईंकडे बघत नव्हती. "पन कुठं तपासाला न्यायची झाली, कसलीबी तपासनी असू दे, तर मला आधी सांगायचा. तुमी जाव नका संगती. मी येन."

"बरं," बाई म्हणाल्या.

अनसूया अनुष्काला त्यांच्यापाशी सोडून फाटकाकडे चालू लागली. बाईंनी अनुष्काला नाव विचारलं, ते त्यांना माहीत होतं तरी, आणि तिला रांगेत उंचीप्रमाणे तिसऱ्या जागी उभं केलं.